रिव्हरस्टोनचे सामायिक खुराडे : प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५

शनिवार, २२ जून २०२४

गल्लीतील चार घरांनी मिळून कोंबड्या पाळायच्या असे ठरले आहे. काय ठरले आणि का ठरले, हे पुढे कोणाला आठवणीवर विसंबून सांगावे लागू नये, म्हणून या नोंदी मी आजपासून ठेवत आहे. चार घरे अशी : आमचे, कुंपणापलीकडे राहणाऱ्या, तरुणपणी माल्टाहून आलेल्या आजोबांचे, ज्यांना गल्लीतील सगळी मुले त्यांच्या नातवंडांचे ऐकून ‘नन्नू’ म्हणतात, समोरच्या गुजराती भाभींचे, आणि कोपऱ्यावरच्या तरुण ऑस्ट्रेलियन जोडप्याचे, ज्यांच्या मुलीच्या शाळेतून गेल्या वर्षी एक कोंबडा घरी आला आणि तेव्हापासून त्यांच्याकडेच राहिला.

रिव्हरस्टोन हे सिडनीच्या वायव्य टोकाचे जुने गाव आता उपनगर झाले आहे. येथील कत्तलखान्यावर कित्येक पिढ्यांची घरे चालली, आणि आसपासच्या स्कोफिल्ड्स, मार्सडन पार्क या भागांत भाजीपाल्याची व कोंबड्यांची शेते होती, ज्यांतली बरीच माल्टी कुटुंबांची होती. २०१९ मध्ये जवळच टलावाँगपर्यंत मेट्रो आली, शेतांचे भूखंड पडले आणि कुंपणाला कुंपण लागून नवी घरे उभी राहिली. आमची आणि नन्नूंची परसदारे मात्र जुन्या मापाची, लांबलचक राहिली आहेत. म्हणजे कोंबड्यांना जागा आहे, पण त्या जागेच्या मागे आता माणसे झोपतात. या प्रकल्पातील प्रत्येक प्रश्न याच एका गोष्टीतून निघणार आहे, असे मला वाटते.

सुरुवातीचा मुहूर्त अवघड निघाला. मे महिन्यात व्हिक्टोरियातील मेरेडिथजवळच्या अंड्यांच्या फार्मवर बर्ड फ्लू सापडला, आणि या आठवड्यात तो आमच्या लगतच्या हॉक्सबरी भागातही निघाला. हॉक्सबरीतील विषाणू एच७एन८ प्रकारचा आहे. जगभर पसरलेला एच५एन१ हा नव्हे. तरीही बाधित फार्मवरील सर्व पक्षी मारावे लागतात आणि भोवतालच्या भागात पक्षी, अंडी व अवजारे यांच्या ने-आणीवर निर्बंध येतात. दुकानांत अंड्यांची फळी रिकामी दिसू लागली आहे, आणि एका मोठ्या साखळीने माणशी दोनच खोकी देण्याचे ठरवले आहे. साहजिकच ‘आपणच कोंबड्या आणू या’ असे म्हणणारे एकदम वाढले आहेत. आम्ही उलटा निर्णय घेतला : बाहेरून एकही पक्षी आणायचा नाही. नन्नूंकडे ऑस्ट्रलॉर्प जातीच्या कोंबड्या आणि एक जुना कोंबडा पूर्वीपासून आहेत; त्यांच्यातूनच पुढची पिढी काढायची. दोन परसदारांमधल्या कुंपणाच्या दोन फळ्या काढून सगळा कळप एकच धरायचा. दाणा-पाणी छपराखाली ठेवायचे, म्हणजे रानबदके त्यात तोंड घालणार नाहीत. एकाहून अधिक पक्षी अचानक दगावले, तर १८०० ६७५ ८८८ या प्राणीरोगांच्या राष्ट्रीय क्रमांकावर त्याच दिवशी फोन करायचा. हा क्रमांक चारही घरांच्या शीतकपाटांवर चिकटवला आहे.

रविवार, ७ जुलै

नियम वाचून काढले. न्यू साउथ वेल्सच्या स्थानिक शासन नियमावलीनुसार कोंबड्या कोणत्याही राहत्या घरापासून ४.५ मीटरांच्या आत ठेवता येत नाहीत, आणि कौन्सिल, म्हणजे येथील नगरपालिका, हे अंतर वाढवूही शकते. बदके, हंस अशा इतर पाळीव पक्ष्यांसाठी तेच अंतर ३० मीटर आहे. त्यामुळे भाभींच्या मुलाची बदकांची मागणी चर्चेविनाच निकालात निघाली. खुराडे घरापासून १५.२ मीटरांच्या आत असेल, तर बसण्याच्या दांड्यांखाली काँक्रीटची किंवा डांबरी फरशी हवी. ही मापे केवळ आपल्या घरापासून मोजायची नसून शेजाऱ्याच्या घरापासूनही मोजायची आहेत, आणि मागच्या वसाहतीतली घरे कुंपणाला किती खेटून आहेत हे फीत हातात घेतल्यावरच नीट कळले.

नरांबद्दल येथील चित्र सरळ नाही. राज्यभर सरसकट बंदी नाही. परंतु शहरी वस्तीतील बहुतेक कौन्सिलांना कोंबडा नको असतो, आणि तक्रार आली की पक्षी हलवण्याचा लेखी आदेश निघू शकतो. व्यवहारात कोंबड्याचे आयुष्य शेजाऱ्याच्या सहनशीलतेवर उभे असते. चाऱ्याच्या दुकानात रांगेत उभे असताना याच विषयावर बोलणे चालू होते. एक गृहस्थ सांगत होते की, त्यांच्या भागात रेल्वेमार्गालगतच्या झाडीत लोक रात्री कोंबडे सोडून जातात. जनावर असे सोडून देणे १९७९ च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सोडलेला कोंबडा कोल्ह्याच्या तावडीतून फार दिवस वाचत नाही. ‘शेतावर सोडला, तो सुखी असेल’ असे मानून घेणे सोपे आहे. मला ते वाक्य ऐकवत नाही.

रविवार, २८ जुलै

मातीचा अहवाल आला. खुराड्याची जागा कोठे हा वाद त्यामुळे मिटला.

मॅक्वारी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सिडनीतील परसदारांच्या कोंबड्या, त्यांची अंडी आणि त्यांच्या पायांखालची माती तपासली, तेव्हा घरच्या अंड्यांत दुकानातील अंड्यांच्या सरासरी ४० पट शिसे आढळले. कारण साधे आहे. कोंबडी दिवसभर माती उकरते आणि दाण्याबरोबर मातीही गिळते, आणि जुन्या वस्तीच्या मातीत शिशाच्या रंगाचे पापुद्रे व शिसेयुक्त पेट्रोलचा धूर कित्येक दशके मुरलेला असतो. ते पेट्रोल ऑस्ट्रेलियात २००२ पर्यंत विकले जात होते. राहत्या घरांच्या मातीसाठी येथे किलोमागे ३०० मिलिग्रॅम शिसे ही मर्यादा धरली जाते. पण अंडी सुरक्षित राहायची असतील तर मातीतले शिसे ११७ मिलिग्रॅमच्या खाली हवे, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. म्हणजे माणसांनी राहण्यास योग्य ठरलेली जमीन कोंबड्यांसाठी अयोग्य असू शकते. लहान मुलांना रोज अंडी खाऊ घालणाऱ्या प्रत्येक घराने हे जाणून घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आमच्या घराच्या भिंतीलगतचा नमुना अंड्यांसाठीच्या या मर्यादेच्या बराच वर आहे, मागच्या कुंपणाकडचे नमुने बरेच खाली. स्वयंपाकघराच्या दारातून अंडी हाताशी यावीत, ही माझी इच्छा बाजूला ठेवली. खुराडे मागे, नन्नूंच्या हद्दीला लागून बांधायचे. भिंतीलगतच्या पट्ट्यात कोंबड्या जाऊ नयेत म्हणून तेथे वेगळी जाळी लावायची आणि तो भाग गवताने झाकायचा. घर फायब्रोचे, म्हणजे सिमेंटच्या पातळ पत्र्यांचे, असल्यामुळे मातीत जुन्या पत्र्यांचे तुकडे दिसले तर ते कोणीही हाताने मोडू नयेत, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असते. ओले करून, गुंडाळून, रीतसर विल्हेवाट लावायची.

शनिवार, २४ ऑगस्ट

बांधकाम पूर्ण झाले. दोन गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली जाळीची. दुकानात ‘कोंबड्यांची जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी, पातळ तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातून आणलेला हा लाल कोल्हा आज सिडनीच्या गल्लीबोळांतून हिंडतो. तो आत शिरला तर एक पक्षी उचलून थांबत नाही, सापडेल तो मारतो. म्हणून सगळीकडे जोडकाम केलेली, १२ मिलिमीटर छिद्रांची जाड जाळी लावली, जिच्यातून उंदीरही शिरत नाही. तीच जाळी जमिनीलगत बाहेरच्या बाजूला अर्धा मीटर आडवी पसरून वर माती टाकली. कोल्हा भिंतीशी उकरू लागतो आणि पंज्याला जाळी लागते. मागे सरून दुरून बोगदा काढावा, हे त्याला सहसा सुचत नाही.

दुसरी सावलीची. पश्चिम सिडनीला समुद्राचा वारा उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. पेनरिथमध्ये ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंश तापमान नोंदले गेले. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, आणि पारा पस्तिशीच्या पुढे गेला की तिची धडपड दिसू लागते. म्हणून छप्पर दुहेरी केले, मध्ये हवा खेळती ठेवली आणि दुपारची बाजू नन्नूंच्या तुतीच्या झाडाखाली येईल अशी दिशा धरली.

सासूबाई साताऱ्याहून काल आल्या. प्रवासाचा शीण जाण्याआधीच त्यांनी खुराड्यात डोकावून दांड्या फार उंच आहेत असे सांगितले. जड जातीची कोंबडी उंचावरून उडी मारते तेव्हा तिचा तळवा सुजतो. नन्नूंनीही मान डोलावली. दांड्या खाली आणल्या.

रविवार, ८ सप्टेंबर

आज चारही घरांची बैठक आमच्याकडे झाली. काल गणपती बसले, त्यामुळे मोदक होते आणि सगळे निवांत बसले. नन्नूंची एक कोंबडी खुडूक झाली आहे. अंडी घालणे थांबवून ती खोक्यातून उठायला तयार नाही आणि हात नेला की पिसे फुलवून टोचते. तिच्याखाली अंडी ठेवायची की नाही, हा विषय होता. परंतु मी आग्रह धरला की, आधी नर पिल्लांचा निर्णय व्हावा आणि मग अंड्यांचा. अंडी उबवली की निम्मी पिल्ले नर निघणार, हे निसर्गाचे गणित आहे, आणि त्या निम्म्यांची सोय आधी न करता अंडी उबवणे म्हणजे त्यांचे मरण दुसऱ्या कोणावर तरी ढकलणे होय.

कोपऱ्यावरच्या घरातील कोंबड्याची हकीकत याच प्रकारची आहे. शाळेत अंडी उबवण्याचा उपक्रम झाला. उबवणयंत्र आणि अंडी भाड्याने आली, मुलांनी पिल्ले बाहेर येताना पाहिली आणि पंधरवड्यानंतर ज्याला हवे त्याने पिल्लू घरी न्यावे असे सांगण्यात आले. मुलीने पिवळा गोळा उचलला. चार महिन्यांनी तो आरवू लागला. कोणाकडे देता येईल का, म्हणून त्या जोडप्याने बरीच विचारपूस केली. पण कोंबडे हवे असणारे मुळातच थोडे, आणि आता बर्ड फ्लूमुळे जे पक्षी स्वीकारत होते त्यांनीही दारे बंद केली आहेत. ती माणसे जबाबदार आहेत म्हणून तो अजून जिवंत आहे. उपक्रम आखणाऱ्यांनी मात्र पंधरवड्यापुढचा विचार केलेला नव्हता, आणि याचा मला खरोखर राग येतो.

गुजराती भाभींचे म्हणणे स्पष्ट होते. त्यांच्या घरात मुले अंडी खातात, मांस कोणी खात नाही, आणि ज्या प्रकल्पात पक्षी कापले जातील त्यात त्यांना राहता येणार नाही. त्यांनी सुचवले की, पिल्ले काढण्याऐवजी तयार तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, विकत घ्याव्यात; इसा ब्राउनसारख्या संकरित तलंगा सोळा-अठरा आठवड्यांच्या मिळतात, नर येण्याचा प्रश्नच नाही. मी त्यांना सगळे सांगितले, कारण न सांगता संमती घेणे मला योग्य वाटले नाही. त्या संकरात रंग लिंगाशी जोडलेला असतो. अंड्यातून बाहेर येताच मादी तपकिरी व नर पिवळट दिसतो, आणि नरांना त्याच दिवशी उबवणी केंद्रात मारले जाते, कारण ती जात अंड्यांसाठी काढलेली असून नराच्या अंगावर मांस धरत नाही. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही प्रथा बंद केली आहे. ऑस्ट्रेलियात ती चालू आहे. तलंग विकत घेतली तर नराचा प्रश्न मिटत नाही, तो फक्त आपल्या डोळ्यांआड होतो. भाभी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्या म्हणाल्या, “बहेन, म्हणजे दुकानातल्या अंड्याचेही हेच?” होय, तेच.

सासूबाईंनी त्यांच्या पद्धतीने मत दिले. त्यांच्या माहेरी कोंबडा हा घरचा मानला जाई, त्याला मोकळे हिंडायला मिळे आणि पाहुणा आला की तो कापला जाई. त्याला कोणी लपवत नसे आणि टाकूनही देत नसे. नन्नूंचे बालपणही असेच गेले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, मी मध्ये अनुवाद करत होते, पण पुष्कळदा माझ्याआधीच त्यांना एकमेकांचे कळत होते.

शेवटी ठरले ते असे. नऊच अंडी ठेवायची, जास्त नाहीत. नर निघतील त्यांपैकी जास्तीत जास्त एकाला बाहेर जागा मिळेल असे धरायचे. उरलेले नन्नू आणि आमचे घर खाण्यासाठी वाढवेल, सोळा आठवड्यांच्या पुढे त्यांना मोकळ्या जागेत, चांगल्या दाण्यावर ठेवून. कापणे नन्नूंच्या शेडमध्ये होईल, मुलांसमोर नाही. मुलांनी विचारले तर खोटे सांगायचे नाही. भाभींचे घर देखभाल आणि अंडी यांत राहील, कापणीच्या खर्चात व वाट्यात नाही. त्यांनी हे मान्य केले. मन मारून केले, हेही मी येथे लिहिते, कारण त्यांच्या मताची नोंद राहिली पाहिजे.

शनिवार, १४ सप्टेंबर

संध्याकाळी अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली. सासूबाईंनी खोक्यात माती, त्यावर राख आणि वर वाळलेले गवत अशी बैठक केली. राखेने उवा-पिसवा कमी होतात. अंडी एकाच वेळी ठेवल्यामुळे २१ दिवसांनी, म्हणजे ५ ऑक्टोबरला, सगळी पिल्ले बरोबरच निघतील. अंड्यांवर पेन्सिलीने खूण केली आहे, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने भर घातली तर नवे अंडे ओळखता येईल.

शनिवार, २१ सप्टेंबर

अंधारात अंडी दिव्यासमोर धरून पाहिली. आठांत रक्तवाहिन्या दिसल्या. एक रिकामे, ते काढले. मॅगपाय पक्ष्यांचे विणीचे दिवस असल्यामुळे टपालवाल्यापासून सगळ्यांच्या डोक्यावर ते झेपावत आहेत, कोंबड्यांना मात्र त्रास देत नाहीत.

रविवार, ६ ऑक्टोबर

काल सात पिल्ले निघाली, आठवे टवका पाडून थांबले आणि सकाळपर्यंत गेले. आईने पिल्लांना चोचीने दाणा दाखवायला सुरुवात केली आहे. हगवणीच्या आजारापासून संरक्षण देणारा औषधी दाणा पिल्लांसाठीच आहे; अंडी देणाऱ्या कोंबड्यांनी तो खाल्ला तर त्यांची अंडी खाण्यापूर्वी पिशवीवर लिहिलेला काळ पाळावा लागतो, म्हणून पिल्लांचे कुंपण वेगळे ठेवले आहे.

ऑस्ट्रलॉर्पविषयी मुलांनी विचारले, ते येथेही लिहिते. इंग्लंडहून आलेल्या काळ्या ऑर्पिंग्टनपासून ही जात ऑस्ट्रेलियात घडवली गेली. १९२२-२३ च्या स्पर्धेत अशा सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी घातली, सरासरी प्रत्येकी ३०९.५, तीही रात्रीच्या कृत्रिम दिव्यांविना. परसदारासाठी तिचा गुण वेगळा आहे : ती शांत आहे, खुडूक बसते, आणि नराच्या अंगावर मांस धरते. नर वाया न जाता वाढवायचे असतील तर अशी दुहेरी उपयोगाची जात हवी.

आज पहाटे घड्याळे एक तास पुढे गेली. काल साडेपाचला उजाडले होते, आज घड्याळाप्रमाणे साडेसहाला. कोंबडे सूर्याप्रमाणेच आरवणार, त्यामुळे शेजाऱ्यांना त्यांची पहिली बांग आता तासभर उशिरा ऐकू येईल. दिवस लांबत जातील तसा हा लाभ घटेल.

शनिवार, १६ नोव्हेंबर

तक्रार आली, लेखी नव्हे, समोर येऊन, आणि त्याबद्दल मी त्या बाईंची ऋणी आहे. मागच्या वसाहतीत राहणाऱ्या या नर्सताई मूळच्या फिलिपिन्सच्या आहेत. गावी कोंबड्यांच्या आवाजातच वाढलेल्या आहेत, त्यामुळे आवाजाशी त्यांचे वैर नाही. पण रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आल्यावर त्यांना झोपावे लागते, आणि शाळेचा कोंबडा नेमका तेव्हा त्यांच्या खिडकीशी चढाओढीने आरवतो. चढाओढ नन्नूंच्या म्हाताऱ्या कोंबड्याशी असते : हा आरवला की तो.

या आरवण्यामागचे शास्त्र पाहिले. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की, कोंबडा उजाडलेले पाहून आरवतो असे नाही. त्याच्या शरीरातले घड्याळच त्याला पहाटेआधी आरवायला लावते. मंद प्रकाशात सतत ठेवले तरी तो साधारण दिवसाच्या लयीने आरवत राहतो. २०१५ मध्ये त्यांनीच पाहिले की एका गटात सर्वांत वरचढ नर आधी आरवतो आणि बाकीचे क्रमाने मागून. वरचढ काढून घेतला तर त्याच्या खालचा पहिला होतो. म्हणजे एक कोंबडा हलवून शांतता येईलच असे नाही. कोंबड्याला रात्री काळोख्या पेटीत ठेवले तर ती पेटी बांग पूर्ण थांबवणार नाही, पण आवाज दाबेल, आणि बाहेरचा प्रकाश व दुसऱ्याची बांग यांनी मिळणारी चिथावणी कमी करील.

गळ्याभोवती आवळण्याचा पट्टा मिळतो, तो वापरावा असे एकाने सुचवले. कोंबडा हवेची पिशवी फुगवून आरवतो आणि पट्टा ती हवा एकदम बाहेर पडू देत नाही. पट्टा घट्ट झाला किंवा पिसांत अडकला तर पक्षी गुदमरतो. आम्ही तो वापरणार नाही.

ठरलेली व्यवस्था अशी आहे. शाळेच्या कोंबड्यासाठी जाड फळ्यांची, आतून गादीचा थर लावलेली, हवेच्या वाटा वळणाच्या केलेली रात्रपेटी बांधली. ती नर्सताईंच्या भिंतीपासून दूर, गल्लीच्या बाजूला ठेवली. नर्सताई त्यांच्या पाळ्यांचे महिन्याचे पत्रक पाठवतात, ते खुराड्याच्या दारावर लावले जाते, आणि रात्रपाळीनंतरच्या दिवशी दोन्ही कोंबडे अंगणाच्या पुढच्या भागात, त्यांच्या खिडकीपासून सर्वांत लांब, सोडले जातात. आठवड्याला अंड्यांचे खोके त्यांच्या दाराशी जाते. त्या ते घेताना पैसे देऊ पाहतात. आम्ही घेत नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

पिल्ले आठ आठवड्यांची झाली. चौघांचे तुरे लाल आणि पाय जाड झाले आहेत, तिघींचे तुरे अजून फिके आहेत. चार नर, तीन माद्या. सासूबाई उद्या परत जातात. नन्नूंनी त्यांना तुतीचा मुरंबा दिला आणि त्यांनी नन्नूंना गोडा मसाला.

शनिवार, २८ डिसेंबर

उष्णतेचे दिवस. पाण्याच्या बाटल्या गोठवून भांड्यांत ठेवतो, दुपारी जमीन भिजवतो. दुसरे विशेष काही नाही. नरांच्या पाठीवर टोकदार, चकाकणारी पिसे आली आहेत आणि एकाने घोगरा आवाज काढून पाहिला.

सोमवार, २७ जानेवारी २०२५

सुटीचा दिवस. नर सोळा आठवडे ओलांडून गेले, दोघे रक्त येईपर्यंत लढू लागले आणि तलंगांच्या पाठीची पिसे उपटली जाऊ लागली. आणखी थांबणे त्यांच्यासाठीही बरे नव्हते.

आदल्या रात्री दाणा काढून घेतला, पाणी ठेवले. पहाटे अंधारात, पक्षी शांत असताना, नन्नूंनी तिघांना एकेक करून उचलले. त्यांच्याकडे उलटा धरण्यासाठी पत्र्याचा शंकू आहे, त्यात पक्षी धडपडत नाही. एकाने दुसऱ्याचे पाहू नये म्हणून शेडचे दार प्रत्येक वेळी बंद केले. सुरी मी धरली नाही. पक्षी धरले, पिसे काढली, आतडी साफ केली, आणि प्रत्येक पक्ष्याचे काळीज व यकृत नन्नूंनी उजेडात तपासले, आजाराची खूण नाही याची खात्री करण्यासाठी. कोपऱ्यावरच्या घरातील मुलीने दुपारी विचारले, तिच्या आईने तिला खरे सांगितले. ती रडली. संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे कोंबड्यांना दाणा घालायला आली.

मांस दुकानातल्या ब्रॉयलरसारखे लुसलुशीत नाही; एक दिवस थंडीत ठेवून मंद आचेवर बराच वेळ शिजवावे लागते. वाटणाचा रस्सा मात्र अप्रतिम होतो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

या महिन्यात व्हिक्टोरियातील युरोआजवळ पुन्हा एच७एन८ निघाला. तलंगांची पहिली अंडी मार्चच्या सुमारास अपेक्षित आहेत; बाहेरून पक्षी न आणण्याचा नियम आणखी एक वर्ष तसाच ठेवत आहोत.

चौथ्या नराला जागा मिळाली. हंटर खोऱ्यात नन्नूंच्या पुतण्याची जमीन आहे, तेथे त्यांच्या ऑस्ट्रलॉर्प कोंबड्यांना नवे रक्त हवे होते. ने-आणीवर निर्बंध लागू नाहीत हे राज्याच्या नकाशावर पाहून, दोन्ही कळप निरोगी आहेत याची खात्री करून मगच तो गेला. तेथेही त्याला महिनाभर वेगळे ठेवणार आहेत. शाळेच्या कोंबड्यासाठीही त्यांना विचारले होते. तो मिश्र जातीचा असल्याने त्यांनी नकार दिला. तो येथेच राहील, रात्रपेटीत झोपेल. त्याचे वय वाढेल तसा त्याचा खर्च चारही घरे वाटून घेतील. हे भाभींनी स्वतःहून सुचवले.

पुढच्या वसंतासाठीचा ठराव : दुसरी खुडूक कोंबडी बसली तरी, वाढलेले नर खाणारे अथवा सांभाळणारे घर आधी नाव घालून सांगेल तेवढीच अंडी ठेवायची, एका घरामागे चारपेक्षा जास्त नाहीत. कोणीच नाव दिले नाही, तर खुडूक कोंबडीला हवेशीर पिंजऱ्यात चार दिवस ठेवून उठवायचे. शाळेकडे चारही घरांच्या सह्यांचे पत्र देण्याचे ठरले आहे : उबवणीचा उपक्रम पुन्हा होणार असेल तर नर पिल्लांचे पुढे काय, याचे उत्तर पालकांना अंडी येण्याआधी लेखी मिळावे. मसुदा मी लिहीत आहे. नर्सताईंनीही सही करायची इच्छा दाखवली आहे.

बाकी कामे : पेटीच्या हवेच्या वाटेतील जाळी बदलणे, भिंतीलगतच्या पट्ट्यातले गवत दाट करणे, आणि हिवाळ्याआधी मातीचा दुसरा नमुना पाठवणे.